कपाटातली जॅकेटं आणि अंगावरचे दिवस

जुलै २०१६ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात एक जुनं तपकिरी चामडी जॅकेट १,१०,५०० पौंडांना विकलं गेलं. लिव्हाय स्ट्रॉस कंपनीनं १९३० च्या दशकात शिवलेलं ‘मेन्लो कोसॅक’ नावाचं ते साधंसं जॅकेट. वापरणारे गृहस्थ होते अल्बर्ट आइनस्टाइन, आणि लिलावात ते घेतलं लिव्हाय कंपनीनंच. इतक्या वर्षांनंतरही त्याला पाइपच्या तंबाखूचा वास येत होता. १९३८ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आइनस्टाइन दिसतात तेही चामडी जॅकेटातच. प्रिन्स्टनला त्यांच्याबरोबर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ लिओपोल्ड इन्फेल्ड यांनी आपल्या आत्मकथनात या सवयीचं कारण दिलं आहे. रोजच्या गरजा कमी केल्या की डोकं मोकळं राहतं, अशी आइनस्टाइन यांची धारणा होती. चामड्याचं एक जॅकेट घेतलं की कोटाची चिंता बरीच वर्षं करावी लागत नाही, हा त्यांच्या हिशेबाचाच भाग होता.

दुसऱ्या टोकाला अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये पसरलेली संग्राहकांची एक मोठी जमात आहे. या मंडळींच्या कपाटात वीस, तीस, कधी पन्नास चामडी जॅकेटं असतात. घोड्याच्या चामड्याचं, शेळीच्या चामड्याचं, मेंढीच्या लोकरीसकट कातडीचं, काळं, तपकिरी, तांबूस, वैमानिकाचं, मोटरसायकलस्वाराचं. आपसांत भेटले की त्यांची चर्चा शेवटी एकाच प्रश्नाशी येते: यातली ठेवायची किती? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. चांगलं शिवलेलं चामडी जॅकेट माणसाला पुरून उरतं, पुढच्या माणसाकडे जातं. अशी वस्तू किती जवळ ठेवावी याचा विचार करायचा तर आधी ती एवढी जमते कशी, हे पाहिलं पाहिजे.

सुरुवात विमानांपासून करावी लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकाची बैठक उघडी असे. दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सिअसनं उतरतं, म्हणजे तीन किलोमीटरवर जमिनीपेक्षा जवळपास वीस अंशांचा फरक, आणि वर समोरून येणारा वारा. लोकरीचा कोट या वाऱ्याला अडवत नाही, चामडं अडवतं. अमेरिकी लष्करानं १९२७ मध्ये आपल्या वैमानिकांसाठी ‘ए-१’ हे जॅकेट मान्य केलं. त्याला बटणं होती आणि कॉलर विणलेली होती. १९३१ मध्ये त्याच्या जागी ‘ए-२’ आलं: बटणांऐवजी चेन, चामड्याची कॉलर टिचबटणांनी खाली बसवलेली, झाकणाचे दोन खिसे, मनगटाला आणि कमरेला लोकरी विणकाम. हात ऊबदार ठेवायला बाजूचे खिसे दिलेच नाहीत. खिशात हात घालून उभा राहणारा सैनिक लष्कराला चालत नसे, असं त्याचं कारण सांगतात.

ही जॅकेटं मुख्यतः घोड्याच्या चामड्याची होती, आणि त्यामागे साधं अर्थशास्त्र होतं. ट्रॅक्टर आणि ट्रक येण्याआधी अमेरिकेत शेतीवर आणि रस्त्यावर घोडेच घोडे होते, त्यामुळे त्यांचं कातडं मुबलक आणि स्वस्त मिळे. पाठीमागच्या भागातून बुटांसाठीचं ‘कॉर्डोव्हन’ निघे, पुढच्या भागाचं चामडं जॅकेटांना जाई. यंत्रं आली, घोडे कमी झाले आणि जॅकेटं बैलाच्या आणि शेळीच्या चामड्याकडे वळली. आज घोड्याच्या चामड्याच्या जॅकेटाला जो भाव येतो, त्याचं मूळ या टंचाईत आहे.

ए-२ चं सरकारी आयुष्य फार नव्हतं. १९४३ मध्ये जनरल हेन्री आर्नल्ड यांनी त्याची खरेदी थांबवली आणि कापडी जॅकेटं आली. पण त्या बारा वर्षांत लष्करानं ही जॅकेटं अनेक कंत्राटदारांकडून शिवून घेतली. न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावची एअरो लेदर, रफ वेअर, पेरी स्पोर्ट्सवेअर, डुबो, वर्बर अशी त्यांची नावं. नमुना एकच असला तरी प्रत्येकाच्या कॉलरचं टोक निराळं, खिशाच्या झाकणाचा आकार निराळा, बाहीची बैठक निराळी. संग्रह वाढण्याचं खरं कारण मला इथे दिसतं. ज्याला ए-२ हवं असतं त्याला वर्षभरात कळतं की ए-२ असं एक जॅकेट नाहीच. मग रफ वेअरचं एक कंत्राट, एअरोचं दुसरं, कॉलरला वेगळी पट्टी असलेलं तिसरं, असं करत एका नमुन्याची सात जॅकेटं होतात. डोळा तयार होण्याची ही किंमत आहे. बारकावे दिसू लागले की प्रत्येक बारकावा स्वतंत्र वस्तू वाटायला लागतो.

वैमानिकांनी या जॅकेटांच्या पाठीवर विमानाचं नाव, एखादी आकृती, केलेल्या मोहिमांच्या संख्येइतके छोटे बॉम्ब रंगवून घेतले. चीन-बर्मा-भारत आघाडीवर आसामच्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या अमेरिकी वैमानिकांच्या जॅकेटांवर वेगळंच काही असे. तारा आणि चिनी सूर्य असलेलं त्या आघाडीचं ढालीच्या आकाराचं बोधचिन्ह बऱ्याचदा भारतातल्या कारागिरांनी चामड्याच्या तुकड्यांतून आणि दोऱ्यातून हातानं बनवलेलं असे. पाठीवर किंवा अस्तरात चिनी भाषेत मजकूर लिहिलेलं रेशमी फडकं शिवलेलं असे: हा परदेशी माणूस मदतीला आला आहे, याला वाचवा. अमेरिकेतल्या लिलावांत हे भारतात बनलेलं काम कारखान्यात छापलेल्या चिन्हांपेक्षा वरच्या भावानं जातं. वैमानिकाचं नाव जॅकेटाच्या छातीवर असतं, चिन्ह शिवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. कोलकात्यातल्या कुठल्या गल्लीत कोणी ते शिवलं असेल, हा प्रश्न विचारणारा संग्राहक मला अजून भेटलेला नाही.

ब्रिटनची वाट निराळी. लेस्ली आयर्विन हा मूळ अमेरिकन, १९१९ मध्ये हातानं उघडायच्या पॅराशूटनं उडी मारून दाखवणारा. त्यानं इंग्लंडमध्ये लेचवर्थ इथे पॅराशूटचा कारखाना काढला आणि रॉयल एअर फोर्सला मेंढीच्या कातडीचं, आत लोकर असलेलं जाड जॅकेट दिलं. ब्रिटनच्या आकाशातल्या १९४० च्या लढाईच्या छायाचित्रांत ते दिसतं. अमेरिकी नौदलानं शेळीचं चामडं आणि केसाळ कॉलर निवडली. त्याचं ‘जी-१’ हे रूप १९८६ च्या ‘टॉप गन’ चित्रपटामुळे आपल्याकडच्या कॉलेजांतही पोचलं आणि मुलं नकली केसाळ कॉलरची जर्किनं घालून फिरू लागली.

मोटरसायकलच्या जॅकेटाची गोष्ट न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या वस्तीत सुरू होते. आयर्विंग आणि जॅक शॉट हे रशियातून आलेल्या कुटुंबातले भाऊ. त्यांनी १९१३ मध्ये रेनकोट शिवून दारोदार विकायचा धंदा सुरू केला. १९२८ मध्ये आयर्विंगनं मोटरसायकलस्वारांसाठी एक जॅकेट बेतलं आणि त्याला आपल्या आवडत्या सिगारचं नाव दिलं, ‘परफेक्टो’. लाँग आयलंडच्या हार्ले-डेव्हिडसन विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला मिळे. त्याची तिरकी चेन केवळ शोभेची नव्हती. स्वार पुढे झुकून बसला की सरळ चेन पोटावर दुमडते आणि वारा फटीतून आत शिरतो. तिरक्या चेनमुळे पुढचा एक पल्ला दुसऱ्यावर चढतो, फट राहत नाही, शिवाय उतरल्यावर कॉलर उलटून गळा मोकळा करता येतो. बाहीला मनगटाशी चेन, कमरेला पट्टा, छातीवर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा खिसा, सगळ्याला कारण आहे. चामड्याच्या कपड्यांत याहून विचारपूर्वक बेतलेलं काही मी पाहिलेलं नाही.

१९४७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटरसायकलस्वारांच्या मेळाव्यात दंगा झाला. त्यावरून प्रेरणा घेऊन १९५३ मध्ये ‘द वाइल्ड वन’ आला आणि मार्लन ब्रँडोच्या अंगावर हे जॅकेट जगानं पाहिलं. ब्रिटनच्या सेन्सॉरनं हा चित्रपट १९६७ पर्यंत अडवून धरला, अमेरिकेतल्या काही शाळांनी असली जॅकेटं घालून येणाऱ्या मुलांना बंदी केली. लंडनमध्ये १८९२ साली ग्रेट पोर्टलँड स्ट्रीटवर सुरू झालेलं लुइस लेदर्स हे दुकान मोटरसायकलवेड्या ‘रॉकर’ पोरांचं तीर्थ बनलं. इव्ह सँ लोराँनं १९६० मध्ये दिओरच्या घराण्यासाठी मगरीच्या काळ्या कातडीचं जॅकेट दाखवलं आणि रस्त्यावरचा कपडा श्रीमंतांच्या दालनात गेला. ब्लॅक पँथर पक्षाच्या कृष्णवर्णीय तरुणांनी १९६६ नंतर काळं चामडी जॅकेट आणि बेरे टोपी हा आपला गणवेश केला. १९७६ मध्ये रमोन्स या वाद्यवृंदाचे चौघे विटांच्या भिंतीसमोर तीच जॅकेटं घालून उभे राहिले. ‘हॅपी डेज’ या मालिकेतल्या फाँझीचं जॅकेट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पोलीस ज्याकडे संशयानं बघत, ते पंचवीस-तीस वर्षांत राष्ट्रीय ठेवा झालं.

पण आजच्या संग्राहकाला घडवलं ते जपाननं. युद्धानंतर अमेरिकी तळांभोवती सैनिकांचे जुने कपडे विकणारे बाजार उभे राहिले. टोकियोच्या उएनो स्थानकाशेजारचा आमेयोको बाजार त्यातलाच. १९८० च्या दशकात येनला जोर आला तेव्हा जपानी व्यापारी अमेरिकेतल्या गावोगावच्या गोदामांतून जुनी जीन्स आणि जॅकेटं उचलून नेऊ लागले. जुना माल संपत आला तसं त्यांनी तो पुन्हा शिवायला घेतला. कोबेची रिअल मॅकॉइज, तोयो एंटरप्राइझची बझ रिक्सन्स (हे नाव १९६२ च्या ‘द वॉर लव्हर’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीननं केलेल्या वैमानिकाचं) अशा कंपन्यांनी जुनं जॅकेट उसवून त्याचा दोरा, टाक्यांची संख्या, चेनचे दात, अस्तराची वीण मोजली आणि त्याबरहुकूम नवं केलं. हिमेजी शहरातल्या शिंकी हिकाकु या कारखान्याचं घोड्याचं चामडं जगभरचे शिवणारे मागवतात. त्यातल्या एका प्रकारात आतला गाभा तपकिरी ठेवून वर काळ्या रंगाचा पातळ थर देतात. वापरता वापरता कोपर, खिशाची कड, कॉलरची घडी इथला काळा थर झिजतो आणि आतला तपकिरी रंग वर येतो. स्कॉटलंडमधली एअरो, इंग्लंडमधली ईस्टमन, शिकागोचा १९०५ पासूनचा हॉरवीन हा चामड्याचा कारखाना, हे सगळे याच जगातले.

हिमेजीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जपानमध्ये जनावरांचं आणि कातडीचं काम करणाऱ्या समाजाला शतकानुशतकं गावाबाहेर राहावं लागलं. बुराकू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांवरचा भेद कायद्यानं १८७१ मध्ये उठला, व्यवहारात उठला नाही, म्हणून १९२२ मध्ये त्यांनी सुइहेइशा ही आपली चळवळ उभी केली. मराठी वाचकाला हे नवं वाटणार नाही. महाराष्ट्रात कातडी कमावणारा ढोर समाज आणि तिच्या वस्तू करणारा चर्मकार समाज यांच्या वाट्याला हेच आलं. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांशी बांधलेली कामं सोडून द्या असं सांगितलं, त्यामागे हाच इतिहास होता. आणि ज्या जुलै २०१६ मध्ये आइनस्टाइन यांच्या जॅकेटाला लाखभर पौंड मिळाले, त्याच जुलैत गुजरातेतल्या उना इथे मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारण्यात आलं. चामड्यावर प्रेम करणाऱ्या माणसाला या दोन्ही बातम्या एकत्र वाचाव्या लागतात. मी तरी यांपैकी एक सोडून दुसरी वाचू शकत नाही.

आपल्या मातीचा या धंद्याशी संबंध पुष्कळ जुना आहे. वनस्पतीजन्य पद्धतीनं कातडी कमावायला टॅनिन लागतं. बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा ही आपल्याकडची त्याची साधनं. सह्याद्रीतला हिरडा मुंबईतून जहाजांनी ब्रिटनला जाई. तिथल्या बाजारात हिरड्याच्या प्रतींना जी नावं होती, त्यांत भिमलीपट्टण आणि जबलपूरच्या जोडीला वेंगुर्ल्याचंही नाव होतं. युरोपात कमावलेल्या किती चामड्यांत आपल्या डोंगरातला हिरडा मुरला असेल! पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत आली. ऑगस्टस शुल्त्झ यांचं अमेरिकेतलं पेटंट १८८४ चं. महिन्यांचं काम दिवसांवर आलं, चामडं मऊ, पाण्याला टिकणारं झालं, आणि त्याबरोबर नद्या नासल्या. कानपूरचं जाजमऊ, तमिळनाडूतलं राणीपेट ही त्याची ठिकाणं. वेल्लोरच्या नागरिकांनी चर्मोद्योगाच्या प्रदूषणाविरुद्ध केलेल्या याचिकेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आजही पर्यावरण कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. एका जॅकेटाला साधारण चाळीस ते पन्नास चौरस फूट चामडं लागतं. संख्या ठरवताना हाही आकडा डोळ्यांसमोर असावा.

मुंबईत हे काम धारावीत रुजलं, कारण वांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता. कातडी कमावणं नंतर शहराबाहेर गेलं, शिवण मात्र राहिली. संत रोहिदास मार्गावरच्या दुकानांत आजही माप देऊन जॅकेट शिवून मिळतं. ढोर समाजाच्या संत कक्कयांच्या नावाचा रस्ताही तिथेच आहे. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांपर्यंत वाढवली गेली आणि या गल्ल्यांतला कच्चा माल आटला. म्हैस, शेळी, मेंढी आणि परराज्यातून येणारं चामडं यांवर आता काम चालतं. तिथला कारागीर मेंढीच्या पाऊण मिलिमीटर जाडीच्या चामड्यावर जी शिवण घालतो, ती कुठल्याही परदेशी दुकानातल्या शिवणीच्या शेजारी ठेवावी. कमी पडतं ते चामडं आणि चेन, हात कमी पडत नाहीत.

आता मूळ प्रश्न. संग्राहकांचे युक्तिवाद मी बरेच ऐकले आहेत आणि त्यातले काही खरोखर वजनदार आहेत. प्रत्येक हवामानाला वेगळं जॅकेट लागतं, हे थोडंफार खरं. काळं आणि तपकिरी दोन्ही हवीत, हेही मान्य. हे कंत्राट परत मिळणार नाही, हा युक्तिवाद मात्र तपासून घ्यावा, कारण जपानी कारखान्यांनी जवळपास प्रत्येक कंत्राट परत शिवलं आहे. ‘थोडा बारीक झालो की होईल’ म्हणून ठेवलेलं जॅकेट तर लगेच बाहेर काढावं. कापडाचा खांदा शिंपी आत-बाहेर करू शकतो. चामड्यात सुईचं भोक कायमचं राहतं, म्हणून ते उसवून मोठं होत नाही. खांदा बसत नाही ते जॅकेट आपलं नाही. चाळिशीनंतर छाती आणि पोट बदलतात, हाडाचा खांदा बदलत नाही. तेव्हा निवड करताना आरशासमोर आधी खांदा पाहावा.

काही जण ‘एक आलं की एक गेलं’ असा नियम पाळतात. त्यात अडचण अशी की जाणारं जॅकेट नेहमी सर्वांत जुनं, सर्वांत मुरलेलं असतं, कारण नव्याची हौस ताजी असते. हा नियम संख्या आवरतो खरा, पण कपाट कायम कोरं ठेवतो.

माझं म्हणणं इथे निराळं आहे, आणि ते चामड्याच्या स्वभावावरून आलं आहे. घोड्याचं सव्वा मिलिमीटर जाडीचं नवं जॅकेट अंगावर पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. कोपराच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडायला, बाहीनं हाताचा बाक घ्यायला, कॉलर मानेवर बसायला अंगाची ऊब, घाम आणि हालचाल लागते. बिडाचा तवा रोजच्या भाकरीनं तयार होतो, तसंच हे. कपाटात लटकून चामडं मुरत नाही, फक्त जुनं होतं. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटाच्या वेळी वेशभूषाकार डेबोरा नॅडूलमन यांना इंडियाना जोन्सचं नवं जॅकेट तारेच्या ब्रशनं आणि चाकूनं खरवडून जुनं करावं लागलं होतं. पडद्यापुरतं ते चालतं. खरं मुरणं घाईनं होत नाही. म्हणून आपल्याकडे जॅकेट घालण्याचे दिवस किती, यावरून संख्या ठरवावी.

हा हिशेब सोपा आहे. माझ्या अनुभवात जाड चामडं आपलंसं व्हायला दोनशे-अडीचशे वापर लागतात. चामडं खऱ्या अर्थानं सुखाचं वाटतं ते पाच ते अठरा अंशांच्या दरम्यान. त्याखाली पिसांचा कोट हवा, त्यावर घामाच्या धारा. पुण्यात दुचाकीवरून निघणाऱ्या माणसाला डिसेंबर-जानेवारी आणि आगेमागे काही आठवडे धरून वर्षाला साठ-सत्तर सकाळ-संध्याकाळ मिळतात. दहा वर्षांत सहाशे ते सातशे. तीन जॅकेटं ठेवली तर तिन्ही दहा वर्षांत तयार होतात. दहा ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला साठ-सत्तर वापर येतात आणि एकही कधी तयार होत नाही. मुंबईत किमान तापमान पंधराखाली जाणं हीच बातमी होते, तिथे एक जॅकेट पुरे, तेही प्रवासासाठी. नाशिक-निफाडकडच्यांना आणि नागपूरकरांना दोन सहज परवडतील. शिकागो, मिनिॲपोलिसच्या आपल्या मंडळींना वाटतं की थंडी भरपूर म्हणजे जॅकेटांना वाव भरपूर. तसं नाही. तिथल्या जानेवारीत चामडं निरुपयोगी ठरतं. त्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे. चामडी जॅकेट वर्षातले बहुतेक महिने चालावं अशी हवा असलेला प्रदेश म्हणजे स्कॉटलंड; तिथे घोड्याच्या चामड्याची जॅकेटं शिवणारा कारखाना टिकून आहे, त्यात हवेचाही हात असावा.

याला दुसरा, कोकणकिनाऱ्याचा हिशेब जोडावा लागतो. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांवर काही दिवस राहिली की चामड्यावर बुरशी धरते, आणि मुंबई-रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ती त्याहून वरच असते. संग्रहालयं चामडं पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवतात. घरी एवढं जमत नाही, पण जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, सुती आच्छादनात रुंद खांद्याच्या हँगरवर सुटं टांगावं, दर पंधरवड्याला बाहेर काढून कोरड्या फडक्यानं पुसावं आणि पंख्याखाली तासभर ठेवावं. भिजलं तर सावलीत वाळवावं, हीटरसमोर कधीही नाही. उष्णतेनं चामड्यातली प्रथिनं आकसतात आणि ते परत मूळ मापावर येत नाही. तेल वर्षाकाठी एकदा, तेही हलक्या हातानं. तेलानं थबथबलेल्या चामड्याचे टाके सैल पडतात. मनगटाच्या लोकरीला कसर लागते, ती वेगळी तपासावी. एवढं सगळं प्रत्येक जॅकेटाला करायचं असतं. पावसाळ्याचे चार महिने ज्यांची सेवा आपल्या हातून होईल, तेवढीच जॅकेटं आपली.

या दोन्ही हिशेबांतून एक प्रकार मी वगळतो. नाव, तुकडी, मोहिमा ज्यावर नोंदल्या आहेत असं १९४० च्या दशकातलं अस्सल ए-२ किंवा आयर्विन हा पुरावा आहे. ते घालू नये. त्याचा दोरा कुजलेला असतो, एका ताणानं शिवण सुटते आणि पाठीवरचं चित्र तडकतं. ज्याला असं जॅकेट मिळालं, त्यानं ते संख्येत धरू नये, पण मग त्याची जबाबदारी संग्रहालयासारखी घ्यावी: आडवं, आम्लरहित कागदात, अंधारात, सोबत सगळी माहिती लिहून. हे जमत नसेल तर जमणाऱ्याकडे सोपवावं. अंगात घालून मिरवणारे आणि वेगवेगळ्या जॅकेटांचे भाग जोडून ‘अस्सल’ म्हणून विकणारे, दोघेही इतिहासाचं सारखंच नुकसान करतात.

मी पुण्यात राहतो, मोटरसायकल चालवतो, आणि तीन ठेवली आहेत. एक घोड्याच्या चामड्याचं तपकिरी ए-२, नव्यानं शिवलेलं. पहाटे सिंहगडाच्या रस्त्यावर तेच असतं. एक काळं, तिरक्या चेनचं, लांबच्या प्रवासाला. तिसरं धारावीत शिवून घेतलेलं मेंढीच्या मऊ चामड्याचं, लग्नकार्याला आणि नाटकाला. त्याची चेन आणि अस्तर दोन्ही बदलून झाली आहेत, आणि ज्यांनी ते शिवलं त्यांच्याकडेच बदलून घेतली. बाकीची ज्यांच्या खांद्याला बसली त्यांच्याकडे गेली. मनालीला नोकरीला लागलेल्या भाच्याकडचं तर आता माझ्याकडे होतं त्याहून चांगलं दिसतं, कारण तो ते वर्षातले सहा-सात महिने घालतो.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी एखादं जॅकेट असेल, लोहगावच्या तळावर नोकरी केलेल्या काकांचं किंवा सीमेवर राहून आलेल्या आजोबांचं. ते काढून बघा. बुरशी असेल तर अंगणात नेऊन मऊ ब्रशनं झाडा, चेनला पांढरं मेण लावा, अस्तरातली चिठ्ठी आणि शिक्के यांचे फोटो काढून ठेवा. मग सुती पट्टीवर त्यांचं नाव, तुकडी, ठिकाण, साल पेन्सिलीनं लिहा आणि ती पट्टी आतल्या खिशात ठेवा. काका हयात असतील तर पट्टीवर काय लिहायचं ते त्यांनाच विचारा, आणि ते याच दिवाळीत विचारा.